नदीच नाही, मग एवढी मोठी दरी कोरली कुणी?

मागच्या अंकात आम्ही वाचकांना विचारलं होतं की प्रवासात बघितलेली एखादी जागा, जिचा अर्थच लागला नाही, तिच्याबद्दल लिहा. पत्रं बरीच आली, पण वारज्याच्या एका वाचकांचं पत्र वाचल्यावर मी बाकीची बाजूला ठेवली, कारण त्यांनी विचारलेला विषय माझ्या अगदी आवडीचा आहे. शिवाय संपादकांनी तो आधीच जाहीर केल्यामुळे त्यावर आणखी प्रश्न आले. म्हणून हा अख्खा महिना एकाच विषयाला.

प्रश्न (वारजे): ताई, मुलगा सिॲटलला असतो, त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा कारने वॉशिंग्टन राज्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागात फिरलो. ग्रँड कूली नावाची दरी बघितली, काळ्या दगडाच्या उभ्या भिंती, अगदी आपल्या नाणेघाटाची आठवण यावी अशा. पुढे ड्राय फॉल्स म्हणून एक पॉइंट आहे तिथे धबधब्याचा कडा आहे पण धबधबा नाही, नदी पण नाही. बोर्डावर लिहिलं होतं की हे सगळं हिमयुगातल्या पुरांनी केलं. हे खरं आहे का? पुराने दरी कशी होईल, दरी व्हायला लाखो वर्षं लागतात ना?

उत्तर: काका, बोर्ड बरोबर आहे. आणि तुम्हाला जी शंका आली ना, की दरीला लाखो वर्षं लागतात, तीच शंका घेऊन जगातले मोठमोठे भूशास्त्रज्ञ जवळजवळ चाळीस वर्षं भांडत होते, त्याबद्दल खाली एका विद्यार्थ्याने विचारलंच आहे.

आधी नाणेघाटाची आठवण का आली ते सांगते, कारण तो भास नाही. तिथला दगड खरंच आपलाच भाऊबंद आहे. आपला दख्खनचा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून तयार झाला, आणि कोलंबिया नदीच्या खोऱ्यातला बेसॉल्ट तसाच भेगांमधून लाव्हा वाहून तयार झाला पण बराच नंतर, त्यातला बहुतेक साधारण एक कोटी साठ लाख वर्षांपूर्वी. त्याने तिथली सुमारे दोन लाख दहा हजार चौरस किलोमीटर जमीन झाकली. म्हणजे दगड तोच, पायऱ्या-पायऱ्यांसारखे थर तेच, फक्त त्याच्यावर जे झालं ते आपल्याकडे कधीच झालं नाही.

झालं असं की साधारण वीस ते चौदा हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगात, कॅनडाकडून बर्फाची प्रचंड चादर दक्षिणेला सरकत आली होती. तिची एक जीभ आजच्या आयडाहो राज्यात उतरली आणि तिने क्लार्क फोर्क नावाच्या नदीची वाटच अडवली. नदीसमोर बर्फाची भिंत उभी राहिली, ती पण थोडीथोडकी नाही, सुमारे सहाशे मीटर उंच, म्हणजे सिंहगड पायथ्यापासून माथ्यापर्यंत जेवढा चढतो त्याच्या आसपास. मागे पाणी साठत गेलं आणि मोंटाना राज्याच्या पश्चिमेकडच्या दऱ्यांमध्ये एक तळं तयार झालं, त्याला आता मिझुला हिमतळं म्हणतात, कारण आज जिथे मिझुला शहर आहे तिथे तेव्हा जवळजवळ तीनशे मीटर खोल पाणी होतं. शहराच्या मागच्या डोंगरांवर आजही आडव्या रेघा दिसतात, एकावर एक, त्या त्या तळ्याच्या किनाऱ्याच्या खुणा.

मग एक दिवस ती बर्फाची भिंत फुटली आणि अख्खं तळं दोन-तीन दिवसांत, फार तर आठवड्याभरात, रिकामं झालं. ते पाणी स्पोकॅनच्या बाजूने खाली आलं आणि बेसॉल्टच्या पठारावर पसरलं. पठारावर वाऱ्याने आणलेल्या मऊ मातीच्या टेकड्या होत्या, ती माती पाण्याने जागोजागी साफ धुऊन नेली आणि खालचा दगड उघडा पडला, नंतर तो दगडच उखडायला लागला. कोलंबिया नदीची नेहमीची वाट बर्फाच्या दुसऱ्या एका जिभेने आधीच अडवलेली असल्यामुळे पाणी भलत्याच ठिकाणी घुसलं आणि तिथेच तुमची ग्रँड कूली तयार झाली, सुमारे ऐंशी किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी पावणेतीनशे मीटर खोल. बर्फ मागे हटल्यावर कोलंबिया आपल्या जुन्या पात्रात परत गेली, त्यामुळे आज त्या दरीत स्वतःची अशी मोठी नदी नाही. वरच्या भागात तुम्हाला जे लांबच लांब पाणी दिसलं असेल ते बँक्स लेक, ते कोलंबियावरच्या धरणातून पंपाने चढवलेलं आहे.

ड्राय फॉल्सचं सांगायचं तर तो कडा साडेपाच किलोमीटर रुंद आणि सुमारे १२० मीटर उंच आहे, नायगाऱ्यापेक्षा दुपटीहून उंच आणि पाचपट रुंद. पण पूर आला तेव्हा तो धबधब्यासारखा दिसलाही नसता, कारण कड्याच्या वरून जाणारं पाणीच इतकं खोल होतं की कडा त्याच्या पोटात बुडलेला होता. आणि तो कडा आज जिथे आहे तिथे पहिल्यापासून नव्हता. पाणी कड्याचा पाया उखडायचं, वरचा दगड ढासळायचा, कडा मागे सरकायचा, पुढच्या पुरात आणखी मागे. कडा मागे मागे सरकत गेल्यावर त्याच्यापुढे जी मोकळी जागा राहिली तीच तुमची दरी!

प्रश्न (सिंहगड रोड, निवृत्त पाटबंधारे अभियंता): घनकिलोमीटरमध्ये आकडे वाचले पण डोक्यात शिरत नाहीत. आपल्या हिशेबात सांगाल का? आणि एवढा सहाशे मीटरचा बर्फाचा बांध फुटला कसा?

उत्तर: साहेब, तुमच्या भाषेत सांगायला मला आवडेल. मिझुला तळ्यात सुमारे २१०० घनकिलोमीटर पाणी होतं. टीएमसीत हे ७४ हजारच्या आसपास जातं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही आपली चारही धरणं मिळून २९ टीएमसी, म्हणजे ही साखळी अडीच हजार वेळा भरली तेव्हा ते एक तळं भरणार. कोयना १०५ टीएमसीची, तिची सातशे धरणं.

आता विसर्ग. मोठ्यातल्या मोठ्या पुराचा उच्चांक अभ्यासकांनी सेकंदाला सुमारे एक कोटी सत्तर लाख घनमीटर असा काढलाय. क्युसेकमध्ये साधारण ६० कोटी. साठ हजार नाही, साठ लाख नाही, साठ कोटी! मुठेत पन्नास हजार क्युसेक सोडले की भिडे पूल पाण्याखाली, एकता नगरीत बोटी, आणि आपण सगळे टीव्हीला चिकटून. त्या साठ कोटीच्या वेगाने आपली चारही धरणं पूर्ण भरलेली असली तरी पन्नास सेकंदांच्या आत रिकामी झाली असती. आज जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात जेवढं पाणी ओततात त्याच्या दहापटीहून हे जास्त आहे. अरुंद जागी पाण्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरपर्यंत गेला असावा असा अंदाज आहे.

पुण्यात १२ जुलै १९६१ ही तारीख कुणाला सांगावी लागत नाही. पानशेत फुटलं, मग खडकवासला फुटलं, आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. ज्यांच्या घरात त्या दिवसाच्या आठवणी आहेत त्यांना पाणी अडवलेली भिंत जाते म्हणजे काय होतं हे मी सांगायची गरज नाही, म्हणून मी ते आकडे शेजारी शेजारी मांडून तुलना करत बसत नाही.

बांध फुटला कसा, तर इथे बर्फाचा स्वभाव नडला. मातीचं धरण वरून पाणी गेलं की फुटतं पण बर्फाला वरून पाणी जायची वाट बघावी लागत नाही, कारण बर्फ तरंगतो. सरबताच्या ग्लासातला बर्फाचा खडा बघा, नऊ दशांश पाण्यात आणि एक दशांश वर. तसंच पाण्याची खोली बर्फाच्या उंचीच्या नऊ दशांशावर आली की भिंतीचा बूड जमिनीवरून सुटायला लागतो. खालून प्रचंड दाबाने पाणी शिरतं, बोगदे होतात, वाहत्या पाण्याने बर्फ वितळून बोगदे आणखी मोठे होतात आणि छप्पर कोसळतं. मग भिंत गेली.

आणि खरी गंमत पुढे आहे. भिंत गेली तरी मागची हिमनदी तिथेच आहे ना, ती पुढे सरकत राहते, काही वर्षांत पुन्हा नदीची वाट बंद करते आणि पुन्हा तळं भरायला लागतं. काही दशकं गेली की पुन्हा फुटतं. म्हणजे हा एक पूर नव्हता, चाळीसहून जास्त वेळा तरी हे झालं, काही जण त्याच्या दुप्पट सांगतात. सगळे पूर त्या साठ कोटीवाल्या मापाचे नव्हते, शेवटी शेवटी बर्फ पातळ होत गेला तसे पूर लहान होत गेले.

हे मोजलं कसं तर वॉशिंग्टनच्या दक्षिणेला वालूला नावाची एक खिंड आहे, पुराचं सगळं पाणी तिथे तुंबायचं कारण बाहेर जायला तेवढीच एक वाट, आणि तुंबलेल्या पाण्यातला गाळ मागच्या दऱ्यांमध्ये बसायचा. एका पुराचा एक थर, खाली जाड वाळू आणि वर बारीक माती. अशा एका घळीत ३९ थर एकावर एक मोजलेत. १९८० मध्ये रिचर्ड वेट यांनी दाखवून दिलं की हे एकाच पुराचे हेलकावे नाहीत, वेगवेगळे पूर आहेत, कारण दोन थरांच्या मध्ये सेंट हेलेन्स ज्वालामुखीची राख शांतपणे पडलेली सापडली, शिवाय उंदरासारख्या प्राण्यांची बिळं सापडली. वाहत्या पुरात बीळ कोण करणार, म्हणजे मधल्या काळात जमीन कोरडी होती.

प्रश्न (शिवाजीनगर, भूशास्त्राचा विद्यार्थी): मॅडम, आमच्या लेक्चरमध्ये ब्रेट्झचं नाव दोन ओळींत उरकलं. त्यांना एवढा विरोध का झाला होता? त्यांच्याकडे पुरावे नव्हते का?

उत्तर: पुरावे होते रे, भरपूर होते. दोन ओळींत उरकावा असा हा माणूस नाही, म्हणून मी जरा सविस्तर सांगते.

जे हार्लन ब्रेट्झ, जन्म १८८२. सुरुवातीला सिॲटलमध्ये शाळेत जीवशास्त्र शिकवायचे, भूशास्त्राची आवड स्वतःची स्वतः लावून घेतलेली, मग १९१३ मध्ये शिकागो विद्यापीठातून पीएचडी करून पुढे तिथेच शिकवायला लागले. १९२२ पासून उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन ते त्या कोरड्या मुलखात पायी फिरायला लागले. त्यांना जे दिसलं त्याची नीट कल्पना कर. नदी नसलेले धबधबे. पठारावर एकमेकांना मिळणारे, पुन्हा फुटणारे, डोंगराची धार ओलांडून पलीकडे जाणारे कोरडे प्रवाह. नदी तर कधी चढ चढून दुसऱ्या खोऱ्यात जात नाही, मग हे प्रवाह पाणलोटाची रेघ ओलांडून गेले कसे, तर दोन्ही खोरी काठोकाठ भरून पाणी वरून गेलं असेल तरच. शिवाय दगडात खोदलेले खड्डे ज्यांच्यात आज अख्खी तळी आहेत. आणि दरीच्या तोंडाशी गोट्यांचे ढिगारे, कित्येक मीटर उंच, आपण नदीत बघतो तसले वाळूचे पट्टे पण आकाराने टेकडीएवढे.

१९२३ मध्ये त्यांनी लिहिलं की हे सगळं एका प्रचंड पुराने झालं. आणि गदारोळ झाला.

विरोध करणारे मूर्ख होते असं मात्र समजू नकोस, मला ही गोष्ट तशी सांगितलेली आवडत नाही. त्या काळात भूशास्त्राने मोठ्या कष्टाने एक गोष्ट मिळवली होती, ती म्हणजे पृथ्वीवरचे बदल हे आज दिसणाऱ्या सावकाश क्रियांनीच होतात, पाऊस, नदी, वारा, आणि भरपूर वेळ. त्याच्या आधी लोक प्रत्येक गोष्ट बायबलमधल्या महापुरावर ढकलायचे. तिथून विज्ञानाला बाहेर काढलेलं, आणि आता हा शिकागोचा प्रोफेसर परत पूर घेऊन आला म्हटल्यावर लोक बिथरणारच. शिवाय एक प्रश्न अगदी योग्य होता, की एवढं पाणी आलं कुठून? ब्रेट्झकडे सुरुवातीला त्याचं उत्तर नव्हतं.

१२ जानेवारी १९२७ ला वॉशिंग्टन डीसीत भूशास्त्रज्ञांची बैठक झाली, तिथे ब्रेट्झनी आपलं म्हणणं मांडलं आणि नंतर सरकारी सर्वेक्षणाचे लोक एकामागोमाग एक उठून त्यांना खोडून काढत गेले. त्यातल्या बऱ्याच जणांनी ती जमीन डोळ्यांनी पाहिलेली नव्हती, मला या सगळ्यात टोचतं ते हे. नकाशावरून आणि तत्त्वावरून ते बोलत होते, आणि जो माणूस उन्हाळेच्या उन्हाळे तिथे चालला होता तो एकटा पडला.

आणि उत्तर तर तोपर्यंत छापलेलं होतं. जोसेफ पार्डी नावाच्या भूशास्त्रज्ञाने १९१० मध्येच मिझुला हिमतळ्याबद्दल लिहिलं होतं. तळं इकडे, पूर तिकडे, दोघांचा सांधा जुळायला वेळ गेला. ब्रेट्झनी १९३० च्या सुमाराला त्या तळ्याकडे बोट दाखवलं, पण लोकांची खात्री पटली ती पार्डींनी १९४० मध्ये सिॲटलच्या परिषदेत एक गोष्ट दाखवली तेव्हा. तळ्याच्या तळाशी, मोंटानातल्या कॅमस प्रेअरी भागात, त्यांना लहरी सापडल्या होत्या. ओढ्याच्या वाळूत उमटतात ना बोटभर, तशाच, फक्त या गोट्यांच्या होत्या, काही दहा मीटरपर्यंत उंच आणि दोन लहरींमधलं अंतर शंभर मीटरच्या आसपास. जमिनीवर उभं राहिलं तर नुसते उंचवटे वाटतात, उंचावरून बघितलं की नक्षी कळते. सावकाश पाझरणाऱ्या तळ्यात अशा लहरी पडत नाहीत, पाणी तिथून प्रचंड वेगाने ओढलं गेलं असेल तरच पडतील.

ब्रेट्झ सत्तरीच्या घरात असताना, १९५२ मध्ये, परत फील्डवर गेले. आता त्यांच्याकडे विमानातून काढलेले फोटो होते, सिंचन प्रकल्पासाठी झालेल्या खोदकामाची माहिती होती, आणि १९५६ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर जो पेपर लिहिला त्यात एक पूर नव्हे तर अनेक पूर होते, म्हणजे माणूस स्वतःच्या मतालाही चिकटून बसला नव्हता. १९६५ मध्ये आंतरराष्ट्रीय अभ्यासकांचा एक गट त्या भागात हिंडून आला आणि त्यांनी ब्रेट्झना तार पाठवली, की आता आम्ही सगळेच महाप्रलयवाले झालो. १९७९ मध्ये त्यांना पेनरोझ पदक मिळालं, अमेरिकन भूशास्त्रातला सर्वात मोठा मान, तेव्हा नव्वदी कधीच ओलांडली होती. दोन वर्षांनी ते गेले.

तुला म्हणून सांगते, १९२३ चे त्यांचे पेपर मिळवून वाच. वर्णन इतकं नेमकं आहे की आजही ते घेऊन त्या दरीत हिंडता येईल.

प्रश्न (हडपसर): आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगसाठी खोदताना काळा पाषाण लागला तर ब्रेकर लावून महिना गेला. मग पाण्याने दोन-तीन दिवसांत एवढा बेसॉल्ट कसा काय कापला?

उत्तर: पाण्याने तो कापला नाही, उखडला. या फरकातच सगळं आहे. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात, त्यामुळे बेसॉल्टचे पुष्कळदा खांब होतात, मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला असे खांब सगळ्यांनी पाहिलेत. तुमच्या ब्रेकरला अखंड दगड फोडायचा होता. पुराला फोडायचंच नव्हतं, आधीच सुटा असलेला खांब भेगेतून उचलायचा होता. खोल आणि वेगवान पाण्यात उभे भोवरे तयार होतात, ते खांबाच्या तुकड्यावर वरून ओढ देतात, आणि एक तुकडा निघाला की शेजारच्याचा आधार जातो.

२०१६ मध्ये आयझॅक लार्सन आणि मायकेल लॅम्ब या दोघांनी मोझेस कूली या दुसऱ्या एका दरीचा हिशेब मांडून म्हटलं की दरी काठोकाठ भरून पाणी गेलंच पाहिजे असं नाही, दगड जेमतेम उखडेल एवढा जोर असला तरी पुरे, आणि मग पूर आधी समजत होतो त्यापेक्षा तिथे पाच ते दहा पटींनी लहानही असू शकतात. म्हणजे एकाच पुराने दरी झाली असं नाही, पुरामागून पूर येत गेले आणि ती खोल होत गेली. मला हे म्हणणं पटतं. वरच्या उत्तरातला साठ कोटींचा आकडा यामुळे आपोआप रद्द होत नाही, तो मोठ्यातल्या मोठ्या पुराचा आहे आणि वेगळ्या जागच्या खुणांवरून काढलाय, पण प्रत्येक कूलीला, म्हणजे अशा प्रत्येक कोरड्या दरीला, तोच लावू नये.

आणि पूर दगड इतक्या भरभर उखडू शकतो हे आपल्या हयातीत दिसलंय. टेक्सासमध्ये २००२ साली एका धरणाच्या सांडव्यावरून पाणी गेलं आणि तीनेक दिवसांत खाली चुनखडीत सरासरी सात मीटर खोल घळ तयार झाली, नुसती झाडं आणि माती होती तिथे.

प्रश्न (कर्वेनगर, इयत्ता आठवी): तेव्हा तिथे माणसं होती का? आणि असं अजून कुठे झालंय का?

उत्तर: माणसं असू शकतील. आयडाहोमध्येच कूपर्स फेरी नावाच्या जागी सुमारे सोळा हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या खुणा सापडल्या आहेत, आणि पूर तर साधारण चौदा-पंधरा हजार वर्षांपूर्वीपर्यंत येत होते. कुणी तो आवाज ऐकला असेल का याचा विचार मी पण करते.

अजून कुठे, तर सैबेरियाच्या अल्ताई डोंगरात अगदी असंच झालं, तिथे कुराई नावाच्या खोऱ्यात तशाच राक्षसी लहरी आहेत. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मध्ये पूर्वी खडूच्या दगडाची एक धार होती, तिच्यामागे हिमयुगात तळं साठलं आणि ती धार फुटली, म्हणून आज मध्ये समुद्र आहे. आणि मंगळावर! तिथे ब्रेट्झच्या दऱ्यांसारखेच पण त्याहून मोठे कोरडे प्रवाह आहेत. १९९७ मध्ये पाथफाइंडर यान मंगळावर आरेस व्हॅलिस नावाच्या अशाच एका पूरवाटेच्या तोंडाशी उतरवलं, आणि त्याच्या आधी त्या मोहिमेतले शास्त्रज्ञ सराव म्हणून काकांनी पाहिलेला तोच मुलूख बघून आले होते.

प्रश्न (बिबवेवाडी): हे सगळं जुनं झालं. आत्ता हिमालयात असं होईल का?

उत्तर: होतंय. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सिक्कीममध्ये साउथ ल्होनाक हे हिमतळं फुटलं, काठावरचा मातीगोट्यांचा उतार तळ्यात कोसळला आणि लाट बांधावरून गेली. चुंगथांगचं तिस्ता-३ धरण वाहून गेलं. तळ्यातून बाहेर पडलेलं पाणी सुमारे पाच कोटी घनमीटर, म्हणजे पावणेदोन टीएमसी, आपल्या एकट्या खडकवासल्यापेक्षा जरा कमी, आणि तेवढ्याने हे झालं. २०१३ मध्ये केदारनाथच्या वरचं चोराबारी तळंही असंच फुटलं होतं. ही तळी बर्फाने नाही तर हिमनदीने सोडलेल्या गोट्यामातीने अडवलेली आहेत, आणि हिमनद्या मागे हटतायत तशी ती वाढतायत. मिझुलाएवढं तळं आज तिथे नाही, पण खाली गावं आहेत, मिझुलाच्या खाली ती नव्हती. त्यामुळे पाणी मोजायची यंत्रणा आणि खालच्या गावाला वेळेत सायरन, याच्यात कुठलीही काटकसर चालणार नाही.

प्रश्न (चिंचवड, ट्रेकर ग्रुप): मग आपली सांदण दरी, निघोजचे रांजणखळगे, हे पण हिमयुगातल्या पुरांनी झालंय का? आम्ही ग्रुपवर तसं वाचलं.

उत्तर: नाही. तसा मेसेज आला तर पुढे पाठवू नका. हिमयुगात सह्याद्रीवर बर्फाची चादर नव्हतीच, त्यामुळे बर्फाचा बांध नाही आणि तो फुटणंही नाही. हिमयुगाचा आपल्याकडे परिणाम झाला तो वेगळा, समुद्र सुमारे १२० मीटर खाली गेला होता आणि कोकणचा किनारा आजच्यापेक्षा बराच पश्चिमेला होता.

सांदण ही खडकातल्या भेगेच्या रेषेत पावसाच्या पाण्याने सावकाश खोल केलेली घळ आहे. निघोजला कुकडी नदीने जे केलंय ते आणखी वेगळं. भेगेत किंवा खोलगट जागी गोटा अडकतो, भोवऱ्यात गरगर फिरतो, आणि बेसॉल्ट घासून घासून रांजण होतो. कोलंबियाच्या पुरांनी उखडून खड्डे केले आणि कुकडीने घासून केले. पहिल्याच्या कडा तुटक आणि कोनाकोनाच्या, दुसऱ्याच्या गोल आणि गुळगुळीत, हात लावून सुद्धा फरक कळेल. महापुराची खूण ओळखायची तर आजची नदी जेवढी आहे तिच्याशी मेळ न बसणाऱ्या गोष्टी शोधायच्या, नदीविना कडा, पाणलोट ओलांडलेले प्रवाह, बेसॉल्टच्या मुलखात कुठून तरी आलेला ग्रॅनाइटचा भला मोठा दगड. तिथे असे दगड बर्फाच्या तुकड्यांत अडकून वाहत आले आणि बर्फ वितळला तिथे बसले. आपल्याकडे यातलं काही नाही, नदी आणि दरी यांचा मेळ बसतो.

पण याच कुकडीवर निघोजच्या वरच्या अंगाला, जुन्नर तालुक्यात बोरी आहे, आणि ट्रेकवाल्यांनी तिथे थांबायला हवं असं मला मनापासून वाटतं. नदीकाठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, तो सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीचा आहे असं मानतात, मात्र तो टोबाच्या कोणत्या स्फोटाचा, सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या की त्याहून खूप जुन्या, यावर अभ्यासकांचं भांडण अजून मिटलेलं नाही. वर सेंट हेलेन्सच्या राखेने जसे पूर वेगळे करून दाखवले तसंच काम ही राख आपल्या नदीच्या गाळासाठी करते, तिच्या खालचं जुनं, वरचं नवं. त्या थराला उकरू नका, नमुना म्हणून घरी आणू नका, फोटो काढा. आणि निघोजला जाणार असाल तर पाणी उतरल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये जा, खळग्यांच्या काठावर शेवाळ असतं आणि काही खळगे दिसतात त्यापेक्षा पुष्कळ खोल आहेत, लहान मुलांचा हात सोडू नका.